कवितेतली धाकटी

सर कविता चालीवर म्हणायचे. त्या दिवशी यशवंतांची 'आई' होती. पहिलं कडवं संपलं आणि अख्खा वर्ग वळून माझ्याकडं पाहायला लागला. माझी माय जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी पुस्तकात डोकं घातलं. आमच्याकडं सगळे 'माय' म्हणायचे, 'आई' हा पुस्तकातला शब्द. म्हणून मी मनाला समजावलं, की ही दुसऱ्या कुणाच्या तरी घरची गोष्ट आहे. दुसऱ्या कडव्यात गोठ्यातली गाय वासराला चाटायला लागली, तोवर ते समजावणं टिकलं.

यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर. जन्म १८९९चा, साताऱ्याकडच्या चाफळचा. पुण्याच्या रविकिरण मंडळातले हे कवी. कविता गाऊन लोकांपर्यंत न्यायची ही त्या मंडळाची रीत. आमच्या मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या रेकॉर्डवरून घरोघर गेली, तशी 'आई' शाळेतल्या पाठांतरावरून खेड्यापाड्यांत गेली. तिच्यातली एक ओळ तर आता म्हणच झाली आहे. ट्रकच्या मागं, मातृदिनाच्या बॅनरवर ती दिसते. त्यामुळं ही आईची थोरवी सांगणारी कविता, असं आपण धरून चालतो. पण ती मुळात एका पोराची कविता आहे. आई नाही, आणि तरी रोज शाळेत जायचं, घरी यायचं, जेवायचं, हे शिकणाऱ्या पोराची.

सुरुवातच बघा. दुसरं कुणीतरी आपल्या आईला हाक मारतं आणि ती या पोराच्या कानी पडते. दुःख आतून उसळत नाही, शेजारच्या अंगणातून येतं. पोरकेपण असंच कळतं. मेल्या दिवशी कळत नाही, तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं. ते कळतं पुढं महिन्याभरानं, दिवेलागणीला गल्लीतल्या पोरांना एकेक करून घरातून हाका यायला लागतात आणि आपणच ओट्यावर उरतो तेव्हा.

ते पोर आईशी एक सौदाही करतं. तू रागावलीस तरी मी आता रुसणार नाही, फक्त परत ये. मोठ्यांना ही ओळ नुसती गोड वाटते. मला तिची भीती वाटायची. त्या साली सैलानीच्या यात्रेला नेलं नाही म्हणून मी दोन दिवस मायशी बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी तिला बैलगाडीत घालून तालुक्याला नेलं. गहू सोंगणीला आला होता. ती परत आली नाही. आपण रुसलो म्हणून ती गेली, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि इथं पुस्तकात, साऱ्या वर्गासमोर, एक पोर नेमकं तेच कबूल करत होतं. असं वाटणारे आपण एकटे नाही, एवढं तरी त्या ओळीनं मला दिलं.

एका कडव्यात नुसती कामं आहेत. शाळेतून आल्यावर जवळ घेणं, काढून ठेवलेला घास भरवणं, सांजवात, शुभंकरोती. कवीनं 'माया' हा शब्द न वापरता मायेचा हिशेबच मांडला आहे. माणूस गेलं म्हणजे काय गेलं, तर ही कामं उघडी पडली. आमच्या घरी आजीला रातांधळेपणा. दिवा लावायचा राहून जायचा. एका संध्याकाळी मीच कंदिलाची काच राखेनं पुसली, वात लावली. कुणी सांगितलं नव्हतं. सावरणं म्हणतात ते बहुतेक असंच असतं. मायचं एक काम आपल्या हातात येतं. दुःख तेवढंच राहतं, पण दिवा लागतो.

कविता सैल होते ती पाचव्या कडव्यात. तिथं आईला सागराची, धरणीची, चंद्राची उपमा मिळते. सभेत म्हणायला ते कडवं चांगलं. पण तिथं पोर हरवतं आणि कवी बोलायला लागतो. समुद्र मी एकतिसाव्या वर्षी पाहिला. मायची आठवण तेव्हा आली नाही. ती राखेनं काच पुसताना येते. पुढच्याच कडव्यात मात्र कविता पुन्हा जमिनीवर येते. लोक वाहवा करतात, हार घालतात, आणि कौतुक करायला आई नाही म्हणून तो हार नकोसा होतो. पोर मोठं झालं, नाव झालं, तरी जागा भरली नाही. इथं कवी खोटा दिलासा देत नाही. गोविंदाग्रजांच्या 'राजहंस माझा निजला'मधली माता मूल गेलं हे मानायलाच तयार नाही. यशवंतांच्या पोराला सगळं कळलेलं आहे, तरीही ते शेवटी हाक मारतंच. कळणं आणि हाक मारणं, दोन्ही सोबत चालतात.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते धाकट्या बहिणीचं कडवं. भाऊ म्हणतो, हिला लहानगीला यातलं काही कळत नाही. आणि लगेच तीच आपल्या मैत्रिणींना सांगत असते, की आपल्याला आई नाही. म्हणजे कळत नाही, हा भावाचा समज. कविताच त्याला तिथल्या तिथं खोटं पाडते. शाळेत हे कुणी दाखवलं नाही. मलाही कळलं नाही.

माझी बहीण तेव्हा पाच वर्षांची. हापशीवर बायका विचारायच्या, "कोनाची व्हय वं तू?" ती म्हणायची, "आजीची." आम्ही हसायचो. म्हणायचो, बरं झालं, हिला काही आठवत नाही.

मागच्या दिवाळीत तिची नात ही कविता म्हणत होती आणि नेमकी त्याच कडव्यावर अडली. बहीण परातीत पीठ मळत होती. मान वर न करता तिनं पुढची ओळ सांगितली, मग त्याच्या पुढची, शेवटपर्यंत. ती चौथीच्या पुढं शिकलेली नाही. मी विचारलं, तुला ही कधी पाठ झाली?

"तू रातीले पाठ करत होता ना दादा," ती म्हणाली. "मी काय झोपेल होती?"