फेरीवाला आणि त्याची पुतळी

अठराव्या शतकातील युरोपीय चिनी मातीच्या कामात फेरीवाल्यांच्या पुतळ्यांना संग्राहकांनी मोठा मान दिला आहे. सॅक्सनीतील मायसेन येथे १७१० साली कारखाना निघाला. १७३१ मध्ये तेथे आलेला मूर्तिकार योहान योआखिम केंडलर व पुढे त्याचा सहकारी पेटर रायनिके यांनी पॅरिसच्या फिरत्या विक्रेत्यांच्या मालिका घडविल्या. पहिल्या मालिकेस आधार होता तो शिल्पकार एद्म बूशार्दोंच्या चित्रांचा. त्यांवरून १७३७ ते १७४६ या काळात साठ मुद्राचित्रे निघाली होती व त्या चित्रमालेचे नावच मुळी ‘पॅरिसच्या आरोळ्या’ असे होते.

नाव आरोळीचे आणि वस्तू मुकी, या विसंगतीपासूनच मूल्यमापनास आरंभ करावयास हवा. बूशार्दोंच्या माणसांच्या अंगावर जाडेभरडे कपडे आहेत, पाठीवरचे ओझे खरोखरीचे ओझे वाटते. चिनी मातीत उतरताना हा भार हलका झाला. १७५३ च्या सुमारास ख्रिस्तोफ ह्यूएच्या चित्रांवरून झालेल्या दुसऱ्या मालिकेत तर लिंबे विकणारी स्त्री नाचास निघाल्यासारखी दिसते. कसब अव्वल आहे, याविषयी वाद नाही. पाच-सहा इंचांच्या पुतळीतील बोटांची ठेवण पाहत राहावी अशी आहे. परंतु या पुतळ्या मांडल्या जात त्या सरदारांच्या मेजवानीत, पूर्वी जेथे साखरेच्या आकृती ठेवीत तेथे. पोटासाठी दारोदार हिंडणारा मनुष्य भरल्या पोटांपुढे शोभेला उभा राहिला. लिंबूवालीस गिऱ्हाईक पुष्कळ लाभले. तिच्या लिंबांना एकही नाही.

ही दृष्टी युरोपापुरती राहिली नाही. एकोणिसाव्या शतकात पुणे, लखनौ व कृष्णनगर येथील कारागिरांनी धंदेवाईकांच्या मातीच्या प्रतिकृती केल्या. मुंबईत १८७२ मध्ये खुल्या झालेल्या व १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या संग्रहालयातही अशा प्रतिकृती आहेत. येथे शोभेची जागा वर्गवारीने घेतली. हात देशी, मागणी मात्र बहुधा परकी. व्यक्ती पुसून जात आणि धंदा तेवढा उरला.

या दोहोंशी ताडून पाहावयास खानदेशातील गुलाबाई उपयोगी पडते. भाद्रपदात जळगाव-धुळ्याच्या बाजारात शंकर-पार्वतीच्या या मातीच्या मूर्ती विकावयास येतात. पौर्णिमेस मुली त्या घरी बसवितात आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी त्यांपुढे गाणी म्हणतात, झाकल्या डब्यातील खाऊ ओळखतात. मूर्तीचे काम साधे. केंडलरची सफाई तीत शोधू नये. परंतु येथे विक्रेता मूर्तीत कोंडलेला नाही, तो मूर्तीशेजारी बसला आहे. तो भाव सांगतो, घासाघीस सोसतो, गिऱ्हाइकास हाक मारतो. मायसेनने वगळले ते नेमके हेच. गुलाबाईचे पुढे कोजागिरीस विसर्जन होते, आणि पुढल्या भाद्रपदात विक्रेता नव्या मूर्ती घेऊन बाजारात येतो.