आयर्लंडच्या आरोग्यसेवेवरील सायबर हल्ल्याचा अहवाल : एक परीक्षण

१४ मे २०२१ रोजी पहाटे आयर्लंडच्या ‘हेल्थ सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह’ या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेची संगणकयंत्रणा ‘कॉन्टी’ नामक खंडणीखोर टोळीने कूटबद्ध केली आणि देशातील सार्वजनिक रुग्णालये एका दिवसात कागद-लेखणीवर आली. या घटनेची चौकशी संस्थेच्या नियामक मंडळाने प्राइसवॉटरहाउसकूपर्स या सल्लागार पेढीकडे सोपविली आणि तिचा दीडशेहून अधिक पृष्ठांचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. आपली फजिती दुसऱ्याकडून तपासून घेऊन ती जगापुढे मांडणे हे सरकारी संस्थांच्या स्वभावात सहसा बसत नाही. म्हणूनच हा अहवाल केवळ तंत्रज्ञांसाठी लिहिलेला दस्तऐवज समजून बाजूला ठेवणे उचित होणार नाही. रुग्णालयांचे रक्षण करू पाहणाऱ्या कोणासही त्यात शिकण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु जे सर्वांत अधिक शिकण्याजोगे, तेच त्यात सर्वांत थोडक्यात आले आहे.

अहवालाचा बलवान भाग म्हणजे त्यातील घटनाक्रम. १६ मार्च रोजी एका कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर फसवा ई-मेल येतो. १८ मार्च रोजी त्यासोबतची एक्सेल फाइल उघडली जाते आणि घुसखोराचा यंत्रणेत प्रवेश होतो. ३१ मार्च रोजी त्याच संगणकावरील विषाणुरोधक प्रणाली ‘कोबाल्ट स्ट्राइक’ व ‘मिमिकॅट्झ’ ही दोन साधने ओळखते. दरोडेखोराच्या पिशवीतली पहार ओळखावी तशीच ही ओळख होती. परंतु ती प्रणाली केवळ पाहणी करण्यापुरती लावून ठेवलेली असते. तिने पाहिले, नोंदले, अडविले मात्र नाही. ७ मेपासून घुसखोर संस्थेच्या सर्व्हरांत शिरतो आणि पुढील चार-पाच दिवसांत अनेक रुग्णालयांपर्यंत पोहोचतो. १० मे रोजी एका रुग्णालयाला संशयास्पद हालचाल दिसते. १२ मे रोजी दुसरे एक रुग्णालय मध्यवर्ती कार्यालयास तसे कळविते. तेथे मात्र उलटाच निष्कर्ष निघतो, की उपद्रव त्या रुग्णालयाकडूनच येत असावा. १३ मे रोजी सुरक्षाप्रणाली पुरविणारी कंपनी लिहून कळविते, की किमान १६ यंत्रांवर ७ मेपासूनचे इशारे दखलीवाचून पडून आहेत. यावर काय होते? सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्यात येतात. दुसऱ्या दिवशी पहाटे सर्व संपलेले असते.

हा क्रम वाचल्यावर ‘हल्ला अचानक झाला’ या रूढ समजुतीला आधार उरत नाही. घुसखोर आठ आठवडे घरात होता आणि तो एकदा नव्हे, अनेकदा दिसला होता. गावगाड्याच्या भाषेत सांगावयाचे, तर जागल्याने हाक दिली होती; परंतु त्या हाकेवर उठून दार लावणे हे कोणाचे काम, हे ठरलेलेच नव्हते. सुमारे ४,००० ठिकाणे, ५४ रुग्णालये आणि ७०,०००हून अधिक संगणक असलेल्या या संस्थेत सायबर सुरक्षेची जबाबदारी एकहाती वाहणारा वरिष्ठ अधिकारी नव्हता. त्या कामावर पूर्णवेळ धरता येतील अशी माणसे सुमारे १५ होती. ३०,०००हून अधिक संगणक विंडोज ७ वर चालत होते, आणि तिचा नियमित आधार तिच्या उत्पादकाने जानेवारी २०२० मध्येच थांबविला होता. शिवाय सारे जाळे एकसपाट. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मध्ये दार म्हणून नव्हते. हल्ल्याचे तंत्र असामान्य नव्हते, हे अहवालकार मोकळेपणाने सांगतात. त्यांचे हे मत अचूक आहे आणि धैर्याचेही.

मात्र निदानाकडून उपायाकडे वळताच अहवालाची भाषा बदलते. घटनाक्रमात माणसे पत्र लिहितात, चुकतात, दुर्लक्ष करतात. शिफारशींच्या भागात मात्र ‘कारभारचौकट’, ‘परिवर्तन’, ‘क्षमता’ असली कर्ताहीन नामे गर्दी करतात. नवे पद निर्माण करा, समिती नेमा, बहुवार्षिक कार्यक्रम आखा, हे सारे चूक नाही. पण रात्री दोन वाजता इशारा आला, तर वरिष्ठांची वाट न पाहता जाळे तोडण्याचा अधिकार कोणास असावा, या साध्या प्रश्नाला शिफारशींत जे ठळक स्थान मिळावयास हवे होते, ते मिळत नाही. सल्लागार पेढीच्या लेखनाचा हा व्यवसायदोष म्हणता येईल.

दुसरी उणीव शब्दयोजनेतच उघडी पडते. ज्या संगणकावर ती फाइल उघडली गेली, त्याला अहवाल ‘पहिला रुग्ण’ या अर्थाच्या नावाने संबोधतो. साथरोगशास्त्रातून घेतलेली ही संज्ञा त्या व्यवसायात रुळलेली आहे हे खरे. तथापि आरोग्यसेवेवरील अहवालात सर्वांत नेमकेपणाने अभ्यासलेला ‘रुग्ण’ एक यंत्र असावे, हा योगायोग बोलका आहे. खऱ्या रुग्णांचे काय झाले? कर्करोगावरील किरणोपचार खंडित झाले आणि काही रुग्णांना खाजगी रुग्णालयांत न्यावे लागले. क्ष-किरणचित्रे व तपासण्यांचे जुने निष्कर्ष पाहता येईनात. बाह्यरुग्णांच्या भेटी रद्द झाल्या, आणि हे सर्व कोविडची साथ चालू असताना. अहवाल अशा प्रसंगांची नोंद घेतो आणि कर्मचाऱ्यांच्या चिकाटीचे रास्त कौतुकही करतो. परंतु विलंबाने कोणाची किती हानी झाली याचा एकत्र हिशेब त्याच्या मुख्य प्रतिपादनात नाही.

या दृष्टीने इंग्लंडमधील ‘नॅशनल ऑडिट ऑफिस’चा ऑक्टोबर २०१७ चा अहवाल तुलनेस घेण्याजोगा आहे. १२ मे २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ हल्ल्यावरील तो अहवाल आकाराने लहान. पण लेखापरीक्षकाची मोजण्याची सवय त्यात दिसते. २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-न्यासांना झळ पोहोचली. ६,९१२ भेटी रद्द झाल्याची खात्री पटली, तर एकूण संख्या १९,००० च्या पुढे असावी असा अंदाज. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती आणि ती बसविण्याविषयी सूचनाही गेल्या होत्या, हेही त्यात स्पष्ट आहे. किती रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या याची माहिती आरोग्यसेवेपाशीच नाही, हे त्याने दोष म्हणून नोंदविले. न मोजलेल्या गोष्टीचीही नोंद करणे, हा गुण आयरिश अहवालाने उचलावयास हवा होता.

पुनर्रचनेविषयीचा भाग मात्र प्रांजळ आहे. आयर्लंडने खंडणी दिली नाही. तरीही २० मे रोजी त्याच टोळीने कुलपाची किल्ली फुकट देऊन टाकली. ती मिळाली नसती, तर साठवणीच्या प्रतींवरून सर्व काही परत उभे करता आले असते काय, याविषयी अहवाल शंका घेतो. किल्ली हाती असूनही सर्व सर्व्हर मोकळे होण्यास २१ सप्टेंबर उजाडला. चोराच्या लहरीवर पुढचे नियोजन आधारता येत नाही.

भारतीय वाचकाला येथे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर झालेला हल्ला आठवेल. पाच सर्व्हर बाधित झाले आणि जाळ्याची विभागणी नीट नव्हती, असे कारण सरकारने संसदेतील उत्तरात दिले. आयर्लंडमधील एकसपाट जाळ्याचेच हे भावंड. फरक असा, की एका बाजूस संसदेतील उत्तराच्या चार ओळी आणि दुसऱ्या बाजूस दिवसवार वृत्तान्त; अभ्यासकाला दुसऱ्याचाच उपयोग अधिक.

परंतु त्या वृत्तान्तातही एक मोठी जागा मोकळी राहिली आहे. एक रुग्णालय आणि आयर्लंडचे आरोग्यखाते या दोघांनी आपल्या जाळ्यावरील हल्ला वेळीच ओळखून थोपविला. अहवालात रुग्णालयांना नावांऐवजी अक्षरे दिली आहेत, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते समर्थनीयही आहे. नावाची गरज नाही. त्या रुग्णालयात इशारा प्रथम कोणी पाहिला, तो कोणाला सांगितला, काय तोडले आणि कोणाच्या परवानगीने तोडले, एवढे मात्र हवे होते. अपयशाला शेकडो परिच्छेद आणि यशाला मोजक्या ओळी, असे या अहवालाचे प्रमाण आहे.