बंदीने काय साधले?

रॉन हॉवर्ड यांच्या ‘द दा विंची कोड’ (२००६) या चित्रपटातील पात्रे जगत नाहीत. ती धावतात आणि थांबली की व्याख्याने देतात. प्रभू येशूविषयीचा त्याचा तर्कही इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. तरीही बंदीची मागणी करणाऱ्या निवेदनावर मी सही केली होती. आंध्र प्रदेश सरकारची बंदी तेथील उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था हे निर्बंधाचे कारण आहे. ‘भावना दुखावणे’ नाही. ज्या स्वातंत्र्यामुळे तो चित्रपट पडद्यावर आला, त्याच स्वातंत्र्यावर हे त्रैमासिक उभे आहे. दुबळ्या कलाकृतीला उत्तर द्यावे ते अभ्यासाने. आज मी ती सही करणार नाही.