कंसातला अर्थ

युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ची. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या त्या पुस्तिकेत आज्ञांच्या नोंदींखाली ‘बग्ज’ असे सदर आहे. आपल्या कामातल्या उणिवा लेखकच तिथे मांडतात. तांत्रिक गद्यात इतका सरळपणा क्वचितच आढळतो. फाइलींच्या परवानग्या त्या वेळी मालक आणि इतर अशा दोघांतच वाटलेल्या होत्या. ‘गट’ मागाहून आला.

आज लिनक्सवर जीएनयूचे ‘सीएचमॉड’चे पान उघडावे. ‘एक्स’ या अक्षराचा अर्थ दिला आहे ‘चालवणे’, आणि कंसात, ‘किंवा डिरेक्टरींच्या बाबतीत शोध’. माझा आक्षेप त्या कंसावर आहे. सगळी गोम तिथे, आणि ती चार शब्दांत उरकलेली.

डिरेक्टरी ही फाइली कोंबायची पेटी नव्हे, ती नावांची वही आहे. ग्रंथालयाची दाखल नोंदवही डोळ्यांपुढे आणा. वहीवर वाचण्याची परवानगी असेल तर नावे दिसतात. ‘एक्स’ असेल तर नावावरून पुस्तकापर्यंत जाता येते. जोडीला लिहिण्याची परवानगी असेल तर नोंदच खोडता येते, मग त्या पुस्तकात एक अक्षर लिहायचा अधिकार नसला तरी. म्हणून ‘फक्त वाचण्यासाठी’ ठेवलेली फाइलही दुसरा कोणी उडवू शकतो. तात्पुरत्या फाइलींच्या सामाईक डिरेक्टरीला स्टिकी बिट लावतात तो यासाठीच.

फाइल उडवणाऱ्या ‘आरएम’च्या पानावर हे नाही. ते आहे मॅन्युअलच्या दुसऱ्या विभागात, ‘अनलिंक’ या सिस्टिम कॉलच्या त्रुटींच्या यादीत. जीएनयूच्या वेगळ्या टेक्सइन्फो पुस्तिकेतही आहे, चांगले लिहिलेले आहे. पण अडलेला माणूस तिथवर पोचत नाही. तो ७७७ ठोकतो: सर्वांना सर्व काही. काम चालू होते, आणि सामाईक यंत्रावर त्याच्या फाइलींत कोणीही हात घालू शकतो. दुसरा कोणी सावधपणे सगळ्या फांद्यांवर ६४४ लावतो. डिरेक्टरींचा ‘एक्स’ जातो आणि त्याला स्वतःच्याच फाइलींपर्यंत जाता येत नाही. यावरचा उतारा, कॅपिटल ‘एक्स’, ‘सीएचमॉड’च्याच पानावर दिला आहे. डिरेक्टरीला ‘एक्स’ कशाला लागतो हे ठाऊक नसलेल्याला तो वाचून काय कळणार?

ही पाने आठवण देण्यासाठी असतात, शिकवण्यासाठी नव्हेत, असा बचाव ऐकू येतो. माझ्यासारखी, वर्गात न बसलेली माणसे याच पानांवर शिकली. शिवाय जीएनयूची ही पाने मुख्यतः प्रोग्रामच्या ‘हेल्प’ मजकुरातून आपोआप तयार होतात. तिथे थोडक्यात उरकण्याची सवय मुरलेली आहे.

मुक्त सॉफ्टवेअरचे दस्तऐवज कोणालाही दुरुस्त करता येतात, हे त्यांचे खरे बळ. अडचण अशी की, जाणत्याला ती फट दिसत नाही आणि ज्याला बोचते त्याला तिथे काय लिहावे ते कळत नाही. माझी मागणी छोटी आहे. ‘सीएचमॉड’च्या पानावर डिरेक्टरीसाठी तिन्ही अक्षरांचा अर्थ कंसाबाहेर, स्वतंत्र वाक्यांत द्यावा. आणि ‘आरएम’च्या पानावर एक ओळ घालावी: फाइल काढून टाकण्याचा अधिकार फाइलवर नसतो, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर असतो.