व्यक्तिमत्त्वाचे पंचघटक प्रारूप : एक चिकित्सा

प्रस्तावना :
व्यक्तिमत्त्वाचा उलगडा करताना फ्रॉइड यांनी अबोध मनाला, रॉजर्स यांनी 'स्व'च्या जाणिवेला, तर बंदुरा यांनी निरीक्षणातून होणाऱ्या अध्ययनाला महत्त्व दिले. मापनाच्या क्षेत्रात मात्र गुणविशेष सिद्धांताचा प्रभाव सर्वाधिक राहिला. पंचघटक प्रारूप हे त्याचे सर्वांत प्रचलित रूप होय.

सिद्धांताची मांडणी :
या प्रारूपाचे मूळ शब्दकोशात आहे. माणसामाणसांतील महत्त्वाचे भेद भाषेत शब्दरूपाने साठतात, हे त्यामागील गृहीतक. ऑलपोर्ट व ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून १७,९५३ शब्द वेचले. अशा शब्दांच्या आधारे, घटक विश्लेषणाच्या साहाय्याने कॅटेल यांनी १६ घटक मांडले, तर ट्यूप्स व ख्रिस्टल यांना १९६१ मध्ये पाचच आढळले. बहिर्मुखता, सहमतीशीलता, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता व अनुभवांविषयीचा खुलेपणा हे ते पाच घटक.

चिकित्सा :
या प्रारूपाने विखुरलेल्या संशोधनाला समान परिभाषा दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि वर्णन म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. व्यक्ती लोकांत मिसळते म्हणून ती बहिर्मुख आणि बहिर्मुख म्हणून ती मिसळते, असे म्हणणे म्हणजे चक्राकार तर्क होय.

सार्वत्रिकतेचा दावाही तपासावा लागतो. मॅक्रे व सहकाऱ्यांच्या २००५ मधील ५० संस्कृतींच्या अभ्यासात हे घटक मोठ्या प्रमाणात आढळले. परंतु माहिती देणारे महाविद्यालयीन विद्यार्थी होते. उलट बोलिव्हियातील त्सिमाने समाजातील ६३२ प्रौढांच्या अभ्यासात (२०१३) ही पंचघटक रचना दिसली नाही. अॅश्टन व ली यांनी तर विविध भाषांतील शब्दसंग्रहांच्या आधारे प्रामाणिकपणा-विनम्रता हा सहावा घटक पुढे आणला.

मराठीपुरते पाहता भिडस्त, मानी, सोशिक, आतल्या गाठीचा हे शब्द विचारात घेण्याजोगे आहेत. भीड नेहमी कोणाची तरी असते. म्हणजे हा गुण एकट्या व्यक्तीत नव्हे, तर नात्यात प्रकटतो. इंग्रजीतून अनुवादित प्रश्नावलीत अशा शब्दांना जागा मिळणे कठीण. 'भिडस्त' विद्यार्थी तेथे केवळ बहिर्मुखतेत उणा ठरण्याचा संभव असतो.

समारोप :
प्रश्नावलीचा अनुवाद म्हणजे सिद्धांताची पडताळणी नव्हे. म्हणून केवळ अशा गुणांकावरून विद्यार्थ्याची पात्रता ठरवणे अनुचित होय. मराठी शब्दकोशातून आरंभ करणारे संशोधन ही मानसशास्त्र व भाषा या दोन्ही विभागांची संयुक्त जबाबदारी ठरते.