ब्रूस लीचा वर्ग

मांजरीच्या एका वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी कराटेचा वर्ग भरतो. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि दाराच्या आतल्या अंगाला उघड्या छातीचा ब्रूस ली. त्या वर्गातला एक मुलगा दिवसा माझ्या तासाला बसतो. तो एकदा म्हणाला, "सर, ब्रूस ली आपल्यातलाच होता ना? गरिबीतून वर आला, त्याच्याच जातवाल्यांनी विरोध केला, तरी त्यानं सगळ्यांना शिकवलं." मी विचारले, हे कुठे वाचलेस? "वाचलं नाही सर, पिक्चरमध्ये बघितलं."

या मुलाला हसण्याचे कारण नाही. बापजाद्यांपासून ज्याला विद्या नाकारली गेली, तो विद्या वाटणाऱ्या माणसात आपला माणूस शोधणारच. पण ब्रूस लीच्या आयुष्यावर आजवर जी नाट्यरूपांतरे झाली, त्यांनी या मुलाच्या पदरात नेमके काय टाकले, हे तपासले पाहिजे. वीरपूजा आपल्या चळवळीला नवी नाही, म्हणून तर अधिकच.

सर्वांत गाजलेला चित्रपट 'ड्रॅगन : द ब्रूस ली स्टोरी' (१९९३). दिग्दर्शक रॉब कोहेन, मुख्य भूमिका जेसन स्कॉट ली याची (आडनाव सारखे, नाते काही नाही). ब्रूसची पत्नी लिंडा हिने १९७५ साली लिहिलेल्या पुस्तकाचा त्याला प्रामुख्याने आधार आहे. चिनी नसलेल्यांना ही विद्या शिकवू नकोस, असे चिनी समाजातले वडीलधारे बजावतात. तो ऐकत नाही. मग द्वंद्व होते. हा प्रसंग पाहताना आपल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. माझ्याही आला होता. वर्गात तो प्रसंग दाखवून मी एकलव्यावर बोललो होतो, हेही कबूल करतो. एकलव्याचा अंगठा आपण इतक्यांदा लिहिला आहे, की कुठेही गुरू आणि नकार एकत्र दिसले की आपला हात आपोआप त्या अंगठ्याकडे जातो.

पुढे वाचत गेलो तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी, की १९६४ च्या अखेरीस ओकलंडमध्ये झालेल्या त्या लढतीचे कारणच वादग्रस्त आहे. लिंडाच्या सांगण्यानुसार ती परक्यांना शिकवण्यावरून झाली. प्रतिस्पर्धी वाँग जॅक मान याने हे नाकारले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ब्रूसनेच जाहीर आव्हान दिले होते. चित्रपटाने वाँगला 'जॉनी सन' करून टाकले आणि लढत संपल्यावर त्याच्याकडून ब्रूसच्या पाठीत लाथ मारवली. प्रत्यक्षात ब्रूसची पाठ दुखावली ती १९७० साली, वजनाचा व्यायाम करताना. एका व्यायामाच्या चुकीला खलनायक मिळाला!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या चिनी वस्तीचे वडीलधारे म्हणजे द्रोणाचार्य नव्हेत. १८८२ ते १९४३ पर्यंत त्या देशात चिनी मजुरांना कायद्यानेच बंदी होती. अशा समाजाने आपली विद्या दाराआड ठेवली असेल, तर ती मारापासून वाचण्यासाठीची ढाल होती. सत्तेने राखलेली विद्या आणि भीतीने राखलेली विद्या यांत फरक आहे. तो फरक हॉलिवूडला दिसला नाही, हे समजू शकते. पण आपल्यालाही दिसू नये?

ब्रूस गरीबही नव्हता. बाप ली होई-च्युएन हा कँटोनी संगीतनाटकातला नावाजलेला नट. हाँगकाँगच्या घरात नोकरचाकर. पोरगा लहानपणापासून चित्रपटांत कामे करणारा. 'ब्रूस ली, माय ब्रदर' (२०१०) हा हाँगकाँगचा चित्रपट भावंडांच्या आठवणींवर उभा असल्यामुळे निदान हे घर प्रामाणिकपणे दाखवतो, आणि म्हणून मला तो यांतला सर्वांत सुसह्य वाटतो. ब्रूसच्या वाट्याला अपमान आला तो वेगळ्या दाराने. आईच्या बाजूने त्याच्यात युरोपीय रक्त होते. हा शुद्ध चिनी नाही म्हणून इप मानच्या इतर शिष्यांनी त्याच्याबरोबर शिकायला नाखुषी दाखवली, ही हकीगत त्याच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. अमेरिकेत तो चिनी म्हणून कमी, हाँगकाँगात पुरेसा चिनी नाही म्हणून कमी. ही वेदना खरी आहे. तिला आपल्या दारिद्र्याचे ठिगळ लावायची गरज नाही.

आता चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीची पन्नास भागांची मालिका पाहा : 'द लेजंड ऑफ ब्रूस ली', २००८, म्हणजे बीजिंग ऑलिंपिकचे वर्ष. तिच्यात परकीय प्रतिस्पर्ध्यांना एकामागून एक लोळवीत जाणारा राष्ट्रवीर आहे. उलट 'बर्थ ऑफ द ड्रॅगन' (२०१६) या अमेरिकी चित्रपटात ब्रूस आणि वाँग यांच्या मधोमध एक गोरा शिष्य आणून बसवला, त्याला प्रेमकथा दिली, आणि ज्याच्या नावावर तिकिटे विकायची तोच बाजूला पडला. याच्याही आधी, १९७६ साली, 'ब्रूस ली : द मॅन, द मिथ' निघाला होता. त्यात काम करणाऱ्या हो चुंग-ताओ या तैवानी नटाचे नावच निर्मात्यांनी बदलून 'ब्रूस ली' करून टाकले होते. इंग्रजीत स्पेलिंग तेवढे वेगळे. आपल्या लिपीत दोन्ही 'ली' एकच! दुसऱ्याचे आयुष्य वठवताना एका कामगार नटाचे स्वतःचे नावही गेले. यावर कुणी नाटक लिहिले पाहिजे.

पण या सर्वांना मिळून जे दिसले नाही, ते सिएटलमध्ये घडले होते. १९५९ साली तिथे आलेला हा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा रुबी चाऊ बाईंच्या खानावळीत काम करीत होता, तिथेच वर राहत होता. त्याचा पहिला शिष्य जेसी ग्लोव्हर. काळा. लहानपणी एका पोलिसाने मारून त्याचा जबडा मोडला होता, आणि तेव्हापासून तो लढण्याची विद्या शोधत फिरत होता. पुढे आला टाकी किमुरा, वंशाने जपानी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच देशातल्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले, त्यांतला हा एक. छावणीतून आत्मविश्वास मोडून बाहेर पडलेला, ब्रूसपेक्षा सोळा वर्षांनी मोठा. सोबत काही गोरी कष्टकरी पोरे. यांचा वर्ग भरायचा परसात, मोटारी लावायच्या जागेत. पोलिसाने मोडलेला काळा, सरकारने कोंडलेला जपानी आणि खानावळीतला चिनी पोऱ्या एका अंगणात एकमेकांच्या मनगटाला मनगट लावून उभे राहतात, यापेक्षा मोठे नाट्य कोणते?

'ड्रॅगन'मध्ये ग्लोव्हरच्या जागी जेरोम स्प्राउट नावाचा एक काल्पनिक काळा विद्यार्थी आहे. व्यायामशाळेतल्या मारामारीनंतर तो शिकायला येतो. कातडीचा रंग ठेवला, मोडलेला जबडा काढून टाकला. शिकायला येणारा का येतो, हेच गेले. मग शिकवणाऱ्याचे औदार्य तेवढे उरते.

या चित्रपटात ब्रूसच्या मागे एक चिलखती राक्षस लागलेला आहे. बापाला दिसतो, त्याला दिसतो, मुलाच्याही मागे लागतो. ब्रूस २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये मेंदूला सूज येऊन वारला, वय ३२. वेदनाशामक गोळीची विपरीत प्रतिक्रिया, असे तेव्हा वैद्यकीय कारण दिले गेले. त्याचा मुलगा ब्रँडन १९९३ च्या मार्चमध्ये चित्रीकरणात पिस्तुलाच्या हलगर्जीने मेला. एकाला औषध, एकाला हलगर्जी. पडद्यावर मात्र राक्षस. आपल्याकडे चोखोबांचे काय झाले? मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना ते भिंतीखाली गाडले गेले. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ही कथा घरोघर पोचली. त्या कामावर महारांना कुणी जुंपले होते, हे कीर्तनात येत नाही. हाडे बोलू लागली की भिंत गप्प होते.

म्हणून मला वाटते, दोष एखाद्या दिग्दर्शकाचा नाही. चरित्रनाट्याच्या साच्यातच तो आहे. या साच्यात एकच माणूस मावतो, बाकीचे गर्दी होतात. महाडच्या १९२७ च्या परिषदेसाठी झटलेले रा. बा. मोरे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत? आपल्या आत्मकथनांनी, 'बलुतं'ने किंवा 'उपरा'ने, हा साचा मोडला होता. तिथे 'मी' लिहिणारा असला तरी पानोपानी वस्ती आहे. चित्रपटात नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'ने (२०२२) तो थोडा मोडला. नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावरून ती कथा घेतली, नायक म्हणून अमिताभ बच्चन घेतले, तरी लक्षात राहतात ती पोरेच, कारण कॅमेरा पोरांच्या दाराशी, त्यांच्या भानगडींशी, त्यांच्या कागदपत्रांच्या अडचणींशी थांबला आहे. प्राध्यापक उद्धारकर्ता होतो की काय, ही शंका मला पाहताना होती आणि आजही पुरती गेलेली नाही.

ब्रूस गेल्यावर टाकी किमुरा आपल्या किराणा दुकानाच्या तळघरात वर्षानुवर्षे शिकवत राहिला. २०२१ साली वारला. ग्लोव्हर २०१२ मध्ये गेला.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले, तेव्हा ब्रूस श्रीमंताघरचा होता यावर तो थोडा हिरमुसला. मग ग्लोव्हरच्या जबड्याची गोष्ट त्याने दोनदा विचारली. "त्याच्यावर पिक्चर आहे का?" नाही, म्हणालो. त्या संध्याकाळी समाजमंदिरावरून जाताना पाहिले, तो लहान पोरांना ओळीत उभे करून मुठी कशा वळायच्या ते दाखवत होता, आणि ओळीत शेवटी दोन मुली नव्याने उभ्या होत्या.