वाऱ्याच्या एका धातूचे कुळ

होमरच्या ग्रीक काव्यात वारा वाहणे या अर्थी एक जुने क्रियापद आढळते. 'वाहतो' हे त्याचे रूप 'आएसि'. कानास ते परके वाटते. तथापि आमच्या संस्कृतातील 'वाति' त्याचा सख्खा भाऊ होय. मधला वकार ग्रीकांनी गाळला. वायु, वात आणि निर्वाण हे याच 'वा' धातूचे वंशज. निर्वाण म्हणजे मुळात दिवा मालवणे. वाऱ्याविषयी बोलताना 'निर्वात' व एरवी 'निर्वाण' असा रूपभेद पाणिनीने सांगून ठेवला आहे.

हे विस्ताराने लिहिण्याचे कारण, आमच्या अमरावती-अकोल्याकडील विद्वन्मंडळींत शब्दांची कुळे केवळ कानाने ठरविण्याची हौस फार. ग्रीकात फुंकणे यास 'फुसाओ' असे निराळे क्रियापद आहे. ते ऐकताच आमचे 'फुंकणे' यवनांकडून आले असा निकाल होऊन जातो! वस्तुतः चुलीपुढे फुंकणी धरून बसलेल्या गृहिणीच्या ओठांतून जो ध्वनी निघतो, तोच ग्रीक लोहाराच्या भात्यातूनही निघणार. 'फुसा' म्हणजे भाताच. दोन देशांनी एकाच ध्वनीची नक्कल केली म्हणून सोयरीक सिद्ध होत नाही.

दूर कशास, वऱ्हाडी कापसाची निरांजनातली 'वात' आणि तिला विझविणारा 'वात' यांचा उच्चार एकच. परंतु पहिली 'वर्ति'पासून आली, दुसरा 'वा' धातूपासून. खुद्द ग्रीकही या मोहातून सुटले नाहीत. फुप्फुसास ते पूर्वी 'प्लेउमोन्' म्हणत. लॅटिन 'पुल्मो' त्याच घराण्यातला. पण श्वासाचे स्थान म्हणून त्यांस 'प्नेओ', म्हणजे वाहणे, श्वास घेणे, हे क्रियापद आठवले आणि शब्द 'प्नेउमोन्' असा फिरला. डॉक्टरांचा न्यूमोनिया या भ्रमाचे अपत्य!

मग खरे नाते ओळखावे कसे? ध्वनी नियमाने बदलतो की नाही, हे पाहून. आमचा वऱ्हाडी कुणबी वादळास 'वादय' म्हणतो, त्यास शहरी मंडळी हसतात. परंतु तोच डोळ्यास 'डोया' व काळ्यास 'काया' म्हणतो, हे कोणी लक्षात घेत नाही. ळकाराचा यकार तेथे नियमाने होतो. ग्रीकांचा वकारही असाच गेला: संस्कृत 'वेद', म्हणजे मी जाणतो, यास त्यांच्याकडे 'ओइदा' म्हणतात.